कोंबडी विणायचीय? फ्रेंच टॅपेस्ट्री घरच्या घरी, अगदी पहिल्यापासून

मी तुलूजला राहते, नवऱ्याच्या नोकरीमुळे आलो आणि राहिलो. इथून गाडीने तासाभरावर सोरेझ नावाचं छोटं गाव आहे, तिथल्या जुन्या मठशाळेत २०१५ पासून दोम रोबेर या माणसाच्या टॅपेस्ट्रीचं, म्हणजे भिंतीवर लावायच्या विणलेल्या चित्रांचं, म्युझियम आहे. पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं गालिचे असतील. आत गेल्यावर भिंतभर गवत, गवतात कोंबड्या, बदकं, मोर, शेळ्या, फुलपाखरं, आणि सगळं लोकरीत विणलेलं, रंगवलेलं काहीच नाही. मी अर्धा तास एकाच कोंबड्यासमोर उभी होते. माझं आजोळ येवल्याच्या बाजूचं, पैठणीचा माग लहानपणापासून बघितलेला, त्यामुळे जवळ जाऊन पाहिलं तर लगेच लक्षात आलं की अरे, ही तर आपल्या पदराचीच जात आहे! एका रंगाचा आडवा धागा जेवढ्यास तेवढाच जातो आणि परत फिरतो, पूर्ण रुंदी ओलांडतच नाही. बुट्टीचा मोर काय आणि इथला मोर काय, मूळ युक्ती एकच.

त्यानंतर घरी फ्रेम लावली, चुका केल्या, आता चौथा तुकडा चालू आहे. मैत्रिणी विचारतात कसं करायचं म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते. ज्यांनी आयुष्यात कधी माग बघितला नाही त्यांच्यासाठी लिहितेय, ज्यांना येतं त्यांनी हसू नये.

आधी थोडं मागचं सांगते, कारण ते कळलं नाही तर पुढच्या पायऱ्या अशा का हेच कळणार नाही. मध्ययुगात टॅपेस्ट्री म्हणजे जाड ताणा (मागावर आधी ताणून ठेवलेले उभे धागे), मोजके रंग, आणि विणकराला बरीच मोकळीक. आँजे शहरातली अपोकॅलिप्सची (बायबलमधल्या जगाच्या अंताच्या गोष्टीची) टॅपेस्ट्री १३७० च्या दशकातली, आज जेवढी शिल्लक आहे तेवढीच सुमारे १०० मीटर लांब, ती अशीच विणलेली आहे. पॅरिसच्या क्ल्युनी म्युझियममधली युनिकॉर्नवाली सहा पॅनल साधारण १५०० ची, लाल जमिनीवर शेकडो छोटी फुलझाडं, त्या प्रकाराला फ्रेंचमध्ये मिलफ्लर म्हणतात, म्हणजे हजार फुलं. मग पुढच्या शतकांत काय झालं की टॅपेस्ट्रीने पेंटिंगची नक्कल करायला सुरुवात केली, धागा बारीक होत गेला, छटा शेकड्यांनी वाढल्या, आणि विणकर नुसता नकलाकार उरला. महाग तर इतकं की कोणी घेईना.

१९३० च्या दशकाच्या शेवटी झाँ ल्युर्सा या चित्रकाराने आँजेची टॅपेस्ट्री पाहिली आणि त्याचं डोकंच फिरलं (चांगल्या अर्थाने). १९३९ मध्ये तो आणखी दोन चित्रकारांबरोबर, ग्रोमेर आणि द्युब्रई, ऑब्यूसाँला गेला. ऑब्यूसाँ म्हणजे मध्य फ्रान्समधल्या क्रूझ भागातलं विणकरांचं गाव, शतकानुशतकं हेच काम, २००९ पासून युनेस्कोच्या यादीतही आहे. तिथे ल्युर्साने काय केलं तर मागे गेला. जाड ताणा, थोडे रंग, आणि रंगवलेल्या चित्राऐवजी नंबर घातलेला नकाशा. कुठे कुठली लोकर हे आधीच ठरलेलं, विणताना अंदाजपंचे काही नाही. १९४१ मध्ये तो सोरेझजवळच्या आँ काल्काच्या मठात आला आणि तिथे त्याला एक साधू भेटला जो हस्तलिखितांवर रंगीत चित्रं काढायचा. तोच दोम रोबेर, जन्म १९०७, मठात आला १९३० मध्ये. ल्युर्सा त्याला म्हणाला तू टॅपेस्ट्री कर. आणि तो म्हातारपणापर्यंत करत राहिला (१९९७ मध्ये वारला), मधली दहाएक वर्षं इंग्लंडच्या मठात होता तेवढी सोडली तर हाच परिसर, हीच गुरं, हेच गवत.

तो स्वतः विणत नव्हता हं, हे लक्षात घ्या. तो चित्र आणि नकाशा करायचा, विणायचे ऑब्यूसाँचे कारागीर. आपण दोन्ही करणार आहोत त्यामुळे भांडायला कोणी नाही.

पायरी एक : बाहेर जा

हे लोक वगळतात आणि सरळ पिंटरेस्ट उघडतात. नका करू. दोम रोबेरच्या वह्या म्युझियममध्ये बघितल्या तर पान पान भरून नुसते मेंढ्यांचे पाय, गवताच्या पाती, झोपलेली बदकं. बाहेर जाऊन काढायचा आणि मग त्या तुकड्यांतून मोठं चित्र जुळवायचा, म्हणून त्याच्या कोंबड्या खऱ्या कोंबड्यांसारख्या उभ्या राहतात, एक पाय वर घेऊन, मान वाकडी करून.

तुम्ही गावात असाल तर नशीबवान. शहरात असाल तर कबुतर घ्या, कावळा घ्या, गॅलरीतली तुळस घ्या. आठवडाभर रोज दहा मिनिटं, पेन्सिलने, खोडरबर न वापरता. चित्रकला येत नाही म्हणून अडू नका, आपल्याला छाया-बिया नकोच आहे, फक्त बाहेरची रेघ हवी. मी शेजारच्या शेतावरच्या कोंबड्या काढल्या, शेतकरीण बाई विचारत होत्या विकत घ्यायच्या आहेत का.

आणि एक, त्याच्या टॅपेस्ट्रीची तशीच्या तशी कॉपी करू नका. कॉपीराइटचा भाग आहेच पण मुख्य म्हणजे ती नक्कल विणताना कंटाळा येतो, स्वतःची कोंबडी असेल तर दोन महिने तग धरता.

पायरी दोन : रंग आधी, आणि कमी

दुकानात जाऊन पन्नास लोकरी आणण्याचा मोह होतो, मलाही झाला. दहा घ्या. तीन हिरवे, त्यातला एक जवळजवळ निळा, एक पिवळा, एक मातकट, एक तांबडा, एक गडद निळा, दोन पांढरट आणि एक काळपट तपकिरी. बास.

पूर्वी रंगच मोजके होते. लाल मंजिष्ठेच्या जातीच्या मुळापासून, पिवळा वेल्ड नावाच्या झाडापासून, आणि निळा पास्तेल नावाच्या पानांपासून. हिरवा म्हणजे निळ्यावर पिवळा चढवायचा. उन्हाने पिवळा उडतो आणि निळा राहतो, म्हणून जुन्या टॅपेस्ट्रीतली झाडं निळी दिसतात, विणकराला तसली झाडं दिसत होती असं नाही. आणि मजा बघा, ही पास्तेलची पानं इथेच तुलूजच्या आसपास पिकायची, पंधराव्या-सोळाव्या शतकात त्या पैशावर इथले व्यापारी वाडे बांधून बसले, आणि मग आपल्याकडची नीळ जहाजांनी यायला लागली आणि यांचा धंदा हळूहळू बसला. इथल्या गाईडने हे सांगितलं तेव्हा माझ्याकडे बघून सांगितलं असं मला उगाच वाटलं.

तर दहा लोकरींचे बोटभर तुकडे कापा, एका दोऱ्यात ओळीने बांधा आणि प्रत्येकाला चिठ्ठी लावून नंबर द्या, १ ते १०. ऑब्यूसाँमध्ये या माळेला शापले म्हणतात, म्हणजे जपमाळ. ही माळ कायम फ्रेमला टांगलेली ठेवा. संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली ४ आणि ५ सारखेच दिसतात आणि सकाळी कळतं आपण काय घोळ घातलाय.

पायरी तीन : नकाशा, म्हणजे कार्टों

तुकडा ठरवा २५ सेंटिमीटर रुंद आणि २० उंच. त्यापेक्षा मोठा पहिल्याच वेळी नको, खरंच नको. तेवढ्याच मापाच्या कागदावर चित्र काढा, आकाश नको, लांबचा डोंगर नको, जमीन खालपासून वरपर्यंत. मिलफ्लरची हीच गंमत आहे, सगळं गवत उभं भिंतीसारखं आणि त्यात कोंबडी चिकटवल्यासारखी, पण खोटी वाटत नाही. मध्ये कोंबडी, आजूबाजूला सात-आठ झुडपं, प्रत्येक झुडूप वेगळं, एकमेकांना न चिकटणारं.

मग काळ्या पेनाने फक्त सीमारेषा. आणि प्रत्येक खान्यात नंबर. शेपटीत ९, तुऱ्यात ६, जमिनीत ३. रंग भरू नका, नंबरच. नंबर घालताना आपोआप निर्णय होतात, हा आकार फार बारीक आहे, इथे दोन हिरवे शेजारी आले तर दिसणारच नाहीत वगैरे. ही चार संध्याकाळींची कटकट आहे पण सगळी अक्कल इथेच लागते, पुढे फक्त चिकाटी.

आता दोन उलट्या गोष्टी, नीट वाचा.

पहिली, ऑब्यूसाँमध्ये मागच्या बाजूने विणतात. विणकराला आयुष्यभर पाठ दिसते, सगळे दोरे-शेंडे त्याच्याकडे लोंबतात आणि चित्राचा चेहरा खाली असतो. म्हणून नकाशा आरशातल्यासारखा उलटा लागतो. ट्रेसिंग पेपरवर काढून पालथा घाला, झालं. मी पहिल्या वेळी विसरले. कोंबडी उजवीकडे बघायची ती डावीकडे बघू लागली, ते चाललं असतं, पण कोपऱ्यात मी हौसेने आद्याक्षर 'अ' विणलं होतं ते उलटं आलं. बहिणीने फोटो बघून विचारलं ही कुठली लिपी.

दुसरी, चित्र आडवं झोपवून विणतात. म्हणजे कोंबडीचे पाय खाली नाही, बाजूला. का? कारण आडवा धागा घालणं सोपं असतं आणि गवताची पाती उभी असते. चित्र झोपवलं की पाती आडवी होते, दोन-तीन फेऱ्या मारल्या की एक सरळ सुंदर पाती तयार. तीच पाती उभ्या चित्रात विणायची तर एकेका ताण्यावर धागा गुंडाळत बसावं लागतं आणि ती शिडीसारखी दिसते. गवताचं चित्र आणि ही जुनी पद्धत एकमेकांना इतकी फिट बसते ती याच्यामुळे.

पायरी चार : फ्रेम आणि ताणा

माग विकत घेऊ नका. ऑयल पेंटिंगच्या कॅनव्हासची नुसती लाकडी चौकट मिळते, ४० बाय ५० ची घ्या, किंवा घरात जुन्या फोटोची भक्कम फ्रेम असेल तर ती. ताण्याला पक्का, घट्ट पीळ असलेला सुती दोरा, ताणला की लांब न होणारा. पतंगाचा मांजा नको, शिवणाचा दोरा नको. साधारण पाकिटं बांधायच्या सुतळीपेक्षा बारीक आणि गोधडीच्या दोऱ्यापेक्षा जाड.

वरच्या आणि खालच्या पट्टीवर पेन्सिलने २० सेंटिमीटर मापून दर सेंटिमीटरला खूण करा. दोरा फ्रेमभोवती गोल गोल गुंडाळत जा, एका सेंटिमीटरात तीन वेढे, एकूण ६०. पुढच्या थरावर विणायचं, मागचा थर तसाच राहू द्या, आणि दोन थरांच्या मधे तुमचा नकाशा सरकवा, बरोबर मावतो. चित्र झोपवलेलं असल्यामुळे फ्रेमवर रुंदी २० आणि लांबी २५ येईल, गोंधळू नका. आँजेच्या टॅपेस्ट्रीत सेंटिमीटरला पाचेक ताणे आहेत, आपण तिनावर राहू.

ताण सगळीकडे सारखा हवा. तळहात फिरवला तर तंबोऱ्याच्या तारांसारखं सारखं लागलं पाहिजे. सुरुवातीला दीड-दोन सेंटिमीटर त्याच दोऱ्याने साधं विणून घ्या, म्हणजे ताणे आपापल्या जागी बसतात.

पायरी पाच : विणायला बसा

विणणं म्हणजे काय, तर एक ताणा वर एक खाली, एक वर एक खाली, आणि परत येताना उलटं. बाण्याची, म्हणजे आडव्या धाग्याची, लोकर ताण्यावर इतकी दाबायची की ताणा दिसताच कामा नये, नुसती बारीक उभी कण्यांसारखी रेघ उमटते. दाबायला ऑब्यूसाँचे विणकर खास फणी वापरतात, आपल्याला जेवणाचा काटा पुरतो, घरातला जाडजूड स्टीलचा. लोकर गुंडाळायला ते लाकडी फ्ल्यूत वापरतात, येवल्यात कांड्या असतात, मी आइस्क्रीमच्या काड्या वापरते. प्रत्येक रंगाच्या प्रत्येक तुकड्याला वेगळी काडी, त्यामुळे एका वेळी दहा-बारा काड्या लोंबत असतात.

सगळ्यात मोठी चूक, आणि ही प्रत्येकाची होतेच, धागा ओढून घालणं. धागा सरळ ओढला की कडा आत येतात. माझा पहिला तुकडा २० ला सुरू झाला आणि वर जाईपर्यंत १६ झाला, ताटाचा पुठ्ठा उन्हात वळावा तसा. उपाय सोपा आहे, धागा घालताना तो टेकडीसारखा वर कमानीत ठेवायचा, मग काट्याने मधे, मग दोन्हीकडे दाबायचा. कमान जेवढी नीट तेवढ्या कडा सरळ. शिवाय दर चार बोटांवर पट्टी लावून मापा, डोळ्यावर विश्वास नको.

क्रमाचा एक नियम आहे. जो आकार वर जाताना निमुळता होतो तो आधी विणायचा, जो पसरत जातो तो नंतर, कारण पसरणारा आकार आधी केला तर त्याच्या खालच्या कोपऱ्यात धागा घुसवायला जागाच राहत नाही. कागदावर बोट ठेवून बघा, कोण कोणाच्या अंगावर टेकलाय. टेकलेला नंतर.

आता बाताज. ही युक्ती शिकलात की टॅपेस्ट्री आली असं समजा. दोन रंग शेजारी आहेत, समजा गडद हिरवा आणि पिवळा, आणि तुम्हाला मधली छटा हवी आहे. तिसरी लोकर आणायची नाही. हिरवा एका फेरीत तिसाव्या ताण्यापर्यंत न्या, पुढच्यात चौतिसाव्यापर्यंत, पुढच्यात बत्तिसाव्यापर्यंत, आणि समोरून पिवळा येऊन जिथे भेटेल तिथे परत फिरवा. करवतीच्या दातांसारखे दोन्ही रंग एकमेकांत घुसतात. जवळून दात दिसतात, दोन मीटरवरून पोपटी दिसतो. आणि तुकडा उभा केला की हे आडवे दात उभे होतात आणि गवतासारखे दिसतात! कोंबडीच्या छातीवर पिसांसारखे. दहा लोकरींत तीस छटा निघतात त्या अशा. नुसते लांबी बदलत रहा, एकसारखे दात केले तर शर्टाच्या पट्ट्या दिसतात.

फुलं मात्र पटकन होतात. पाच पाकळ्यांचं फूल नऊ ताण्यांत बसतं, मधे पिवळा ठिपका, कडेने पांढरा, गोलाई नको, ओबडधोबडच छान दिसतं. जुन्या मिलफ्लरमध्येही तेच, लांबून नाजूक आणि जवळून चौकोनी.

पायरी सहा : फटी

ताण्याला समांतर दोन रंग शेजारी आले आणि एकमेकांत गुंतले नाहीत की मधे फट पडते. पैठणीत हा प्रश्नच नसतो कारण दोन रंग भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवतात, म्हणून पदर दोन्ही बाजूंनी सारखा. ऑब्यूसाँवाले फट राहू देतात आणि नंतर मागून सुईने शिवतात. अडकवलं तर सीमा किंचित दातेरी होते, फट ठेवली तर सुरीने कापल्यासारखी स्वच्छ. कोंबडीच्या चोचीला मी फट ठेवते, तिथे धार हवी.

एक सेंटिमीटरपेक्षा लहान फट असेल तर तशीच सोडा. मोठी असेल तर शिवाच, कारण तुकडा उभा केला की ही फट आडवी होते आणि वजनाने तिचं तोंड उघडतं. मी आळस केला होता, भिंतीवर लावल्यावर कोंबडीच्या पोटातून मागची भिंत दिसायला लागली.

वेळेचं विचाराल तर ऑब्यूसाँचा मुरलेला विणकर साधारण महिन्याला एक चौरस मीटर विणतो, काम बारीक असेल तर त्याहून कमी. आपला तुकडा त्याच्या विसाव्या भागाएवढा आणि मला दोन महिन्यांचे रविवार लागले. मान आणि खांदे धरतात, अर्ध्या तासाने उठा.

पायरी सात : कापणे

शेवटीही दीड-दोन सेंटिमीटर सुती दोऱ्याने विणून घ्या. मग कात्री. तिकडे याला माग उतरवणं म्हणतात आणि वर्कशॉपमध्ये छोटासा समारंभच असतो, चित्रकार येतो, कात्री त्याच्या हातात देतात, कारण महिनोन्महिने विणून चेहरा कोणीच अख्खा बघितलेला नसतो. घरी हे एकट्याने करू नका. मी नवऱ्याला आणि मुलीला बोलावलं, ताणे एकेक टक टक कापले आणि पालथं केलं. मुलगी म्हणाली, आई ही बदक आहे ना?

ताणे दोन-दोन मिळून गाठी मारा, सुती पट्टी मागे दुमडून टाचून घ्या. मागचे शेंडे सरसकट कापू नका, बोटाएवढे राहू द्या नाहीतर सुटतात. ओलसर कापड घालून मागून हलकी इस्त्री. वरच्या काठाला मागून वेल्क्रोची पट्टी शिवा आणि दुसरी पट्टी लाकडावर ठोकून भिंतीला, खिळ्यात अडकवली तर मधे पोक येतो. खिडकीसमोरची भिंत टाळा, पिवळ्याचं काय होतं ते वर लिहिलंच आहे.

आणि मागे लेबल. ऑब्यूसाँमध्ये त्याला बोल्द्यूक म्हणतात, कापडाचा तुकडा, त्यावर नाव, माप, चित्रकाराची सही आणि कितवी प्रत, कारण फ्रान्समध्ये एका नकाशावरून जास्तीत जास्त आठच प्रती विणल्या तर त्या मूळ कलाकृती धरतात. मी जुन्या उशीच्या अभ्र्याचा तुकडा घेतला आणि मार्करने लिहिलं : 'कोंबडी (बदक नाही), २५ बाय १६, १/१'.

हो, सोळाच. वीस नाही. कमान.